पाठकोऱ्या कागदाची वही

मुलांकडून आईसाठी कागदाची भेट करवून घ्यावयाची म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू उभी राहते : रंगीत कार्डशीट दुमडून केलेले शुभेच्छापत्र, वर चिकटवलेले कागदी फूल आणि आत सुवाच्य अक्षरांत लिहिलेले दोन शब्द. हे फूल बहुधा बाईंनी कातरलेले असते, आणि सुवाच्य अक्षरही बहुधा त्यांचेच असते. मुलाच्या वाट्याला डिंक लावण्याचे काम तेवढे येते. आई ते पत्र कौतुकाने पाहते. मग ते शोकेसमध्ये जाते, किंवा घरात शोकेस नसेल तर पत्र्याच्या आणि वाशाच्या फटीत जाते.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम करावे लागते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांपैकी माझे बरेचसे तास आमच्या महाविद्यालयामागच्या वस्तीतील मुलांबरोबर गेले. तिसरी-चौथीतली अठरा मुले, शनिवारची दुपार, आणि समाजमंदिराची फरशी. श्रावणात आम्ही तीन शनिवार खर्चून घरच्या माणसासाठी एक भेट तयार केली. ती कशी केली, का केली आणि तिचे पुढे काय झाले, याचा हा वृत्तांत आहे. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. त्यांना यातील काही उपयोगी पडेल असे वाटते.

भेट आणि कागदाची घडी यांचे नाते तसे जुने आहे. १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे बालोद्यानाची सुरुवात करणाऱ्या फ्रोबेलने मुलांच्या हाती द्यावयाच्या साधनांना ‘भेट’ याच अर्थाचे नाव दिले होते, आणि त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्यांनाही स्थान होते. त्या घड्यांवरूनच मद्रासच्या सुंदर राव यांना भूमितीचे पुस्तक सुचले. केवळ कागद दुमडून भूमिती शिकवणारे हे पुस्तक १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्यात विकतच्या साधनांपेक्षा परिसरातल्या वस्तूंवर भर होता. हे सारे अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत आहेच. परंतु या सर्वांच्या विचारात ‘भेट’ मोठ्यांकडून मुलाकडे जाते. ती उलट्या दिशेने, मुलाकडून मोठ्यांकडे जायची असेल तर काय करावे, याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते मुलांनाच विचारावे लागले.

पहिल्या शनिवारी आम्ही कागदाला हातच लावला नाही. मी फक्त प्रश्न विचारले. पहिला प्रश्न ‘आईला काय आवडतं?’ असा विचारला असता तर साडी, गजरा, पेढे अशी ठरलेली उत्तरे आली असती. म्हणून मी विचारले, “घरात असं काय आहे, जे आई सारखं विसरते? किंवा ज्याच्यावरून घरात नाहीतर कामावर भांडण होतं?” मग मात्र गलका झाला. कोणाच्या घरी किल्ली हरवते, कोणाच्या घरी पाण्याच्या वेळेवरून शेजारणीशी बोलाचाली होते. चौथीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, आमच्या आईचं खाड्यांवरून भांडण होतं.” आणि बघता बघता सात-आठ मुलांनी माना डोलावल्या.

या वस्तीतील बहुतेक बाया आसपासच्या सोसायट्यांत धुणेभांडी, केरफरशी करतात. एकेकीकडे तीन-चार घरे. महिनाअखेरीस पगार होतो तेव्हा खाडे किती झाले यावर बोलणे येते. वहिनी म्हणतात पाच, बाई म्हणते तीन. महिना पंधराशे रुपयांच्या कामात एका दिवसाचे पन्नास धरले, तर दोन दिवसांच्या फरकाचे शंभर रुपये होतात. खोटे कोणी बोलत असते असे नाही. चार घरांचा हिशेब तोंडी ठेवायचा म्हणजे दोन्ही बाजूंची विसरभोळी स्मृती समोरासमोर उभी राहणार. त्या मुलीची आई दारामागे खडूने रेघा मारते. पण पाहुणे आले, दार पुसले, की महिना पुसला जातो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी २००८ मध्ये कायदा झाला आहे, परंतु कोणत्या मंगळवारी बाई आली नव्हती, हे काही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

तेव्हा भेट ठरली : खाड्यांची वही. आमच्या गटातील एका मित्राने लगेच हरकत घेतली की, आता प्रत्येकीजवळ मोबाईल आहे, त्यात नोंद करता येईल. मुलांनीच त्याचे निरसन केले. कित्येक घरांत चांगला फोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर असतो. शिवाय वही पुढे ठेवली की दोन माणसे एकाच पानावर एकाच वेळी बघू शकतात. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावणे तितके सोपे नसते.

आता कागदाविषयी. एका बाजूने छापलेला, दुसऱ्या बाजूने कोरा असा जो पाठकोरा कागद कार्यालयांतून रोज बाहेर पडतो, तो आम्ही घेतला. घेताना एक पथ्य पाळावे. छापील बाजू वाचून पाहावी; कोणाची नावे, गुण, फोन क्रमांक असतील तर तो कागद बाजूला काढावा. परीक्षा विभागाचे कागद तर मागूच नयेत.

ए-फोर कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर असतो. त्याची लांबी मधोमध कापली की १४८ गुणिले २१० चे दोन तुकडे मिळतात, आणि गंमत अशी की, तुकड्यांचा आकार मूळ कागदाच्याच प्रमाणात राहतो. ही मोजमापे जर्मनीत १९२२ मध्ये प्रमाणित झाली आणि पुढे जगभर पसरली. मुलांना गुणोत्तर सांगण्याची जरुरी नाही. मोठ्या कागदाचा एक कर्ण दुमडून घ्यावा, छोटा तुकडा त्याच दिशेने धरून त्या कर्णाच्या एका टोकाला, कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवावा. छोट्याचा समोरचा कोपरा बरोबर कर्णावर आला तर कापणी नीट झाली. हा ताळा मुले एकमेकांच्या कागदांवर मोठ्या कठोरपणे करतात.

यानंतर प्रत्येक तुकडा पुन्हा मधोमध दुमडायचा. छापील बाजू आत, कोरी बाहेर. आणि येथे एक गोष्ट नेहमीच्या वहीच्या उलट करायची आहे. नेहमीच्या वहीत घडी शिवणीकडे असते. तसे केले तर छापील पाने मध्ये मध्ये डोकावणार. म्हणून घडीची बंद कड बाहेर ठेवायची आणि दोन्ही सुट्या कडा शिवणीकडे घ्यायच्या. प्रत्येक पान मग पिशवीसारखे दुहेरी होते आणि छपाई त्या पिशवीच्या पोटात जाते. चीन-जपानकडील जुनी पुस्तके अशीच बांधलेली असत. सहा ए-फोर कागदांत बारा दुहेरी पाने होतात, म्हणजे एकेका महिन्याला एक पान.

घडी कोणत्या दिशेने पडते याला महत्त्व आहे, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडला. यंत्रावर कागद तयार होताना लगद्यातले तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेला लागतात. त्या दिशेने घडी मऊ पडते. आडवी घातली तर कडक आणि किंचित फुटकी. मुलांना हे वर्तमानपत्रावर दाखवावे. उभे फाडले तर सरळ पट्टी निघते, आडवे फाडले तर फाट वेडीवाकडी धावते. एका मुलाने सात-आठ वेळा फाडून खात्री करून घेतली आणि म्हणाला, “ताई, याच्यात शिरा आहेत, पानासारख्या.” यापेक्षा चांगली व्याख्या मला देता आली नसती. पुण्याच्या हातकागद संस्थेत (स्थापना १९४०) चिंध्यांच्या लगद्याचा कागद हाताने उचलतात. तशा कागदात साचा दोन्ही अंगांनी हलवला जात असल्याने या शिरा एका बाजूला झुकलेल्या नसतात. बहुतेक ए-फोर कागदांत तंतू लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे आमच्या मापाच्या वहीत घडी बरोबर तंतूंच्या बाजूने पडली व पाने मऊ उलगडू लागली.

एका मुलाचे वडील बाजारात हमाली करतात. त्याला वही वडिलांसाठी करायची होती, पोत्यांचा आकडा लिहायला. त्याने रात्री खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा पट्टीने गुपचूप मोजला आणि आमची वही खिशात मावत नाही असे जाहीर केले. त्याच्यासाठी प्रत्येक तुकडा आणखी निम्मा केला. तेव्हा मात्र घडी तंतूंना आडवी आली. पट्टीच्या कडेने दोनदा दाबून घेतल्यावर ती बसली.

दुसरा शनिवार चौकटींत गेला. पान साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंद; शिवणीसाठी दीड सेंटिमीटर सोडले तर नऊ उरतात. त्यात सात उभे रकाने आणि पाच आडव्या ओळी, म्हणजे पस्तीस घरे. महिन्याचे दिवस फार तर एकतीस. उरलेल्या चार घरांचे काय, हा प्रश्न मी फळ्यावर तसाच ठेवला. उत्तरे आली : उचल, पगार, दिवाळीचा बोनस, आणि एक घर ‘रिकामं राहू दे’. प्रत्येक मालकिणीसाठी वेगळी वही करावी लागेल की काय, ही अडचण मात्र मला सुटत नव्हती. ती तिसरीतल्या मुलीने सोडवली. “चार घरं आहेत ना? मग चौकटीला पण चार कोपरे आहेत.” वरचा डावा कोपरा पहिल्या घराचा, उजवा दुसऱ्याचा, असे. गेले तर कोपरा कोरा, खाडा पडला तर त्या कोपऱ्यात ठिपका. अक्षर नको, अंक नकोत. जी आई कधी शाळेत गेली नाही तिलाही ही वही पहिल्या दिवसापासून वापरता येते, आणि हे त्या मुलीला कोणी सुचवलेले नव्हते.

या टप्प्यावर बघ्यांचे हात शिवशिवू लागतात. आमच्या गटातील दोघी आल्या होत्या. एकीने रेघ वाकडी गेलेली पाहून पट्टी हातात घेतलीच. मी तिला थांबवले. रेघ वाकडी असली तरी चौकट चौकटच राहते. बारा महिन्यांची पाने एकदम आखून घेण्याचाही मी आग्रह धरला नाही. नऊ वर्षांच्या मुलाला तीनशेपासष्ट घरे आखायला लावली तर त्याला भेटीचा कंटाळा येईल. एकच महिना आखायचा. पुढचे पान ज्या त्या महिन्याच्या आदल्या दिवशी.

तिसऱ्या शनिवारी शिवण. पाने जुळवून, कडा आपटून सारख्या करून, कपडे वाळत घालायच्या दोन चिमट्यांत धरायची. खाली जुन्या रबरी चपलेचा तळ ठेवून दाभणाने तीन भोके पाडायची : एक मधोमध, दोन त्याच्या वर-खाली चार-चार सेंटिमीटरवर. दाभण मात्र मोठ्या माणसाच्या हातीच असावे. संपूर्ण कामात मोठ्यांचा हात एवढाच. दोरा गोधडीचा, मेणबत्तीवर ओढून घेतलेला, मुलाच्या हाताने दीड हात. सुई मागून मधल्या भोकातून वर काढावी, वरच्या भोकातून खाली न्यावी, मागल्या बाजूने सरळ खालच्या भोकाकडे आणून तेथून वर काढावी आणि पुन्हा मधल्या भोकातून मागे घालावी. दोऱ्याची दोन्ही टोके आता मागे मधोमध आलेली असतात. लांब दोरा त्यांच्यामध्ये धरून गाठ मारावी. लिहिताना हे अवघड वाटते. करताना तिसरीतल्या मुलांनी मला दुसऱ्यांदा विचारले नाही.

मुखपृष्ठाला लग्नपत्रिकेइतका उत्तम पुठ्ठा नाही, आणि त्या प्रत्येक घरात साठलेल्या असतात. गणपतीचे चित्र कातरायला मुले धजत नाहीत, आणि तो भाग आम्हीही वगळला; मागची कोरी पाने पुरतात. जाड पुठ्ठा थेट दुमडला तर फाटतो. रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टीला लावून आधी रेघ दाबावी, मग घडी घालावी. पुठ्ठा पाठीला चिकटवायला मैद्याची खळ पुरते : एक चमचा मैदा, पाच-सहा चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत राहावे, पांढरेपणा जाऊन किंचित पारदर्शक झाली की उतरवावी. पुस्तके बांधणारे किडीपासून रक्षणासाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे. मुलांच्या कामात त्याचे नावही नको.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही सुरुवातीपासून ‘आईसाठी’ हा शब्द टाळला होता. ‘घरात तुझ्यासाठी जो राबतो त्याच्यासाठी’ असे म्हणत होतो, कारण अठरांपैकी तिघांच्या घरी आई नव्हती. दोघांनी आजीचे नाव घेतले. एक मुलगा काही बोलेना. शेवटी म्हणाला, “ताईसाठी.” मला वाटले, माझ्यासाठी. तसे नव्हते. त्याची बहीण तेरा वर्षांची. आई गेल्यापासून घरचे सगळे तिच्यावर, आणि सकाळी ती दोन ठिकाणी भांडीही घासते. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास २००६ पासून बंदी आहे, हे मला वर्गात शिकवले गेले आहे. त्या दुपारी ते वाक्य माझ्या फारसे कामी आले नाही. मुलाने चौकटी आखायला मात्र नकार दिला. “तिला कोरीच देतो. ती शाळेत होती तेव्हा चित्रं काढायची.” त्याची वही आम्ही चौकटींशिवाय शिवली. बहिणीच्या शाळेविषयी आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी जवळच्या शाळेत बोलणे सुरू केले आहे. एवढ्यात त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

वह्या देण्याचा दिवस पिठोरी अमावास्येचा ठरला. मे महिन्यातील दुसऱ्या रविवारी येणारा मातृदिन अमेरिकेत ॲना जार्व्हिस यांच्या प्रयत्नाने १९०८ मध्ये सुरू झाला, आणि पुढे त्याला आलेल्या छापील कार्डांच्या बाजारावर त्याच तुटून पडल्या. आपल्याकडे तेव्हा शाळांना सुट्टी असते. श्रावणी अमावास्या हा आपला मातृदिन. शाळा चालू, पाऊस चालू, मुले घरात कोंडलेली. त्या दिवशी वाण डोक्यावरून मागे धरून आई विचारते, “अतीत कोण?” आणि मागे उभे असलेले मूल म्हणते, “मी.” वस्तीत सगळीच घरे हा सण पाळणारी नाहीत, म्हणून आम्ही कोणावर काही लादले नाही. पण ज्या मुलीने चार कोपरे शोधले होते तिने स्वतःच्या मनाने वही डोक्यावरून मागे धरली आणि आईला विचारले, “अतीत कोण?” आईला हसू आवरेना, तिने “मी गं बाई, मी,” म्हणून ती घेतली. मी तेथे पोळी खायला बसले होते म्हणून मला हे पाहायला मिळाले.

वह्यांचे पुढे काय झाले? सगळ्या वापरात राहिल्या नाहीत. दोन पावसात भिजल्या, एक धाकट्या भावाने रंगवली, हमालाच्या मुलाच्या वडिलांनी ती खिशात ठेवली आहे पण पोत्यांऐवजी फोन क्रमांक लिहिले आहेत. दिवाळीपर्यंत नऊ चालू होत्या. त्यांतली एक गोष्ट मी विसरत नाही. खाड्यांवरून भांडण होते म्हणणाऱ्या त्या मुलीच्या घरी महिनाअखेरीस मी गेले होते. आई म्हणाली, चौथ्या मजल्यावरच्या वहिनी तीन खाडे धरतात. मुलीने वही उघडली, खालचा उजवा कोपरा बोटाने मोजत गेली आणि म्हणाली, “चार आहेत, आई.” आईने वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “ही तर माझ्यावरच उलटली की हो ताई!” तिने वहिनींना काय सांगितले ते मी विचारले नाही. मात्र पुढच्या महिन्यापासून ठिपके देण्याचे काम तिने मुलीकडून काढून स्वतःकडे घेतले. चौकटी आखण्याचे मुलीकडेच ठेवले.

येत्या वर्षी वस्तीतील दुसऱ्या टोकाची मुलेही येऊ म्हणतात. तीस मुलांना एका वहीस सहा याप्रमाणे एकशेऐंशी पाठकोरे कागद लागतील, थोडे वाया जाणारे धरून दोनशे. ग्रंथालयाच्या दाराशी त्यासाठी एक खोके ठेवले आहे. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थीमित्रांनी आपले कागद त्यात टाकावेत. चुरगळलेले चालतील, पट्टीने सरळ होतात. टाचण्या मात्र आधी काढाव्यात.